पाण्यावरचं हिरवं प्रोटीन ताटात घेताना

पाषाण तलावाच्या कडेने सकाळी चालताना शेजारच्या काकांनी काठाला साचलेल्या हिरव्या थराकडे बोट दाखवलं. "ताई, पाण्यावरची वनस्पती प्रोटीनसाठी खा असं व्हिडिओत सांगतात, ती हीच ना? फुकटच आहे की मग!"

फुकट आहे खरं, पण खायचं नाही. का, ते सांगते.

सगळ्यात आधी ओळख. तलावात जांभळ्या फुलांची दिसते ती जलपर्णी. ती खाण्याच्या यादीतून सरळ बाद. टिकलीएवढी पानं आणि खाली धाग्यासारखं एकच मूळ असेल तर ती लेम्ना, म्हणजे डकवीड. बारीक रव्यासारखे, बिनमुळाचे हिरवे दाणे म्हणजे वोल्फिया, तेही डकवीडच, जगातली सर्वांत लहान फुलझाडं. थायलंड आणि लाओसमध्ये वोल्फिया पिढ्यान्‌पिढ्या रस्शात नि ऑम्लेटमध्ये घालतात. लेम्नात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यामुळे घशाला खवखव होऊ शकते. वोल्फिया त्या मानाने सौम्य. अझोला हे नेचं आहे, ते जनावरांच्या गव्हाणीतच राहू द्या. प्रोटीनची हिरवी पावडर म्हणून विकतात ती स्पिरुलिना तर वनस्पतीच नाही, ते सूक्ष्मजीव आहेत.

मग पाणी बघायचं. डकवीड सांडपाणी स्वच्छ करायला वापरतात, कारण ते पाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस आणि सोबत कॅडमियम, शिसं असे जड धातूही शोषून घेतं. पाषाण तलावात रामनदीतून सांडपाणी येतं, मुळा-मुठेबद्दल तर बोलायलाच नको. तिथलं डकवीड म्हणजे वापरलेलं फडकं. घरी आणून कितीही उकळा, जंतू मरतील, शिसं जागचं हलणार नाही.

आता आकड्यांची गंमत. जाहिरातीत '४० टक्के प्रोटीन' असतं ते वाळवलेल्या डकवीडचं. ताज्यात साधारण ९५ टक्के पाणीच. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या डकवीडमधून कोरडा ऐवज ५ ग्रॅम आणि प्रोटीन फार तर २ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्ची तूरडाळ साडेसहा ग्रॅमच्या आसपास देते. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम लागतं. त्यामुळे डाळ बंद करून हे खाऊ नका. पालेभाजी समजून, डाळीच्या जोडीला घ्या. पालेभाजी म्हणून मात्र चांगलंच आहे, शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात असतात.

घरी वाढवायचं असेल तर वोल्फियाचं बियाणं, म्हणजे सुरुवातीपुरते जिवंत दाणे, जाणत्या उत्पादकाकडून घ्या, तलावातून ओंजळभर आणू नका. पसरट टबात चार-सहा इंच नळाचं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. खत हायड्रोपोनिक्सचं (मातीविना, पाण्यात झाडं वाढवतात त्यासाठीचं), तेही पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमी. शेण-गोमूत्र अझोल्याला चालतं, आपल्या ताटाला नाही. दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावा. आणि टबावर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधाच! पावसाळ्यात बाल्कनीत साठवलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. महापालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा "हे प्रोटीन आहे हो" म्हणून सुटका होत नाही. आठवड्याला पाणी बदला. वास आला, किंवा पाण्यावर निळसर-हिरवा तवंग दिसला, तर सगळं ओतून द्या.

काढताना चहाच्या गाळणीने उचला आणि वाहत्या पाण्याखाली तीन-चारदा धुवा. माझी पहिली खेप मी एकदाच धुतली होती, थालीपीठ चिखलट लागलं. आता धुऊन दोन-तीन मिनिटं उकळते, पाणी फेकते, पिळून भाजणीत मिसळते. ओवा-तीळ नेहमीसारखेच. सुरुवातीला दोन चमचेच घाला, पोटाला काय वाटतंय ते बघा. कच्चं स्मूदीत वगैरे मी घालत नाही. पाण्यातल्या वनस्पतींवर यकृताच्या आणि आतड्याच्या कृमींच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात. शिंगाडेही म्हणूनच दातांनी सोलू नयेत, उकडून खावेत.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी (यात व्हिटॅमिन के भरपूर असतं), गरोदर बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी आधी डॉक्टरांना विचारावं. स्पिरुलिनाची पावडर घेणार असाल तर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि जड धातू व मायक्रोसिस्टिन (निळ्या-हिरव्या शेवाळातलं यकृताला घातक विष) यांच्या तपासणीचा अहवाल मागा. अहवाल नाही म्हणाले तर पुढे चला. तिच्यातलं बी-१२ बहुतांशी शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपातलं असतं, त्या भरवशावर शाकाहाऱ्यांनी गोळ्या सोडू नयेत.

एवढा खटाटोप नको असेल तर मंडईतून कमळकाकडी आणा. प्रोटीन जेमतेमच, पण भोकांतला चिखल नीट धुतला की भाजी झकास होते. मखाण्यात १०० ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन असतं, तूपमिठावर परतले की चहाबरोबर संपतात. काकांना मी शेवटी तेच दिले.