व्हिक्टोरियन छायाचित्रणाचा शोध जुन्या अंकांतून घेताय? या चुका टाळा

ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह, हाथीट्रस्ट, इंटरनेट अर्काइव्ह, गूगल बुक्स, फ्रेंच मजकुरासाठी गॅलिका. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे अंक आता घरबसल्या चाळता येतात. सोय झाली हे खरं, पण त्याबरोबर एक खोटा आत्मविश्वासही आला. शोधलं, सापडलं, तारीख टिपली, लेख तयार. छायाचित्रणाच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांबद्दलचे बरेचसे घोटाळे या घाईतूनच होतात. मी इथे इंग्लंडपुरतं आणि 1839 ते 1855 या काळापुरतं बोलतोय, शेवटी थोडं मुंबईचं.

आजचा शब्द टाकून कालचं शोधणं

शोधचौकटीत ‘फोटोग्राफी’ टाकून सुरुवात केलीत तर पहिले महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. 1839 च्या जानेवारीत लंडनच्या वाचकाला हा शब्द ओळखीचाच नव्हता. कागदावर चित्र उमटवणारा इंग्रज संशोधक टॅल्बट आपल्या पद्धतीला ‘फोटोजेनिक ड्रॉइंग’ म्हणत होता, फ्रेंच संशोधक नीएप्सच्या कामाला ‘हेलिओग्राफी’ म्हणत. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं 14 मार्च 1839 रोजी रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला त्यात ‘फोटोग्राफी’ आली, आणि त्यानंतरही जुनी नावं बराच काळ सोबत नांदली. पुढे ‘कॅलोटाइप’ (टॅल्बटचीच कागदी निगेटिव्हची सुधारित पद्धत), टॅल्बटच्या चाहत्यांचं ‘टॅल्बटाइप’, शिवाय बातमीदारांचं लाडकं ‘सन पिक्चर्स’. ही सगळी नावं वेगवेगळी शोधायला लागतात.

उलटी गंमत स्टुडिओंच्या जाहिरातींत. रिचर्ड बिअर्डनं 23 मार्च 1841 रोजी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर, रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छतावर युरोपातला पहिला सार्वजनिक पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. काम सगळं चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावरचं, म्हणजे डॅगेरोटाइप. पण जाहिरातींत बहुधा ‘फोटोग्राफिक पोर्ट्रेट्स’ किंवा ‘फोटोजेनिक पोर्ट्रेट्स’ असं छापलेलं. नुसतं ‘डॅगेरोटाइप’ शोधणारा म्हणणार, या गावात 1842 साली स्टुडिओच नव्हता. स्टुडिओ असेलही, फक्त पाटीवर दुसरं नाव होतं.

आडनावांनी शोधाल तर आणखी फजिती. ‘बिअर्ड’ टाकलंत की दाढ्यांच्या बातम्या आणि न्हाव्यांच्या जाहिराती. ‘आर्चर’ टाकलंत की तिरंदाजीच्या स्पर्धा. ‘टॅल्बट’ म्हणजे कुणी उमराव, कुणी वकील, आणि आपला टॅल्बट सापडला तरी तो आधी चिपनमचा खासदार म्हणून. डॅगेरोटाइपचा जनक ‘डॅगेर’ 1839 पूर्वीच्या अंकात सापडला म्हणून हुरळून जाऊ नका, तो लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या डायोरामाचा डॅगेर. प्रकाशानं बदलणाऱ्या भव्य चित्रांचा तो खेळ 1823 पासून तिथे चालू होता. 1851 आधीचं ‘कलोडियन’ (पुढे आर्चरनं काचेवरच्या छायाचित्रांसाठी वापरलेलं चिकट द्रावण) निघालं तर ते बहुतेक शल्यचिकित्सकांचं, जखमेवर लावायचं. आणि 1840 च्या दशकाच्या मध्यापासून तर कादंबरीच्या परीक्षणातही ‘जीवनाचा डॅगेरोटाइप’ अशी उपमा येऊ लागते, ती वेगळीच डोकेदुखी.

यावर उपाय साधा आहे: एकट्या नावानं शोधू नका, जोडीनं शोधा. बिअर्ड आणि पॉलिटेक्निक, क्लोदे (लंडनमधला डॅगेरोटाइप छायाचित्रकार) आणि अ‍ॅडलेड गॅलरी, आर्चर आणि कलोडियन. तारखेची चौकट एका वर्षाची ठेवा आणि निकाल हाताळता येतील एवढे झाले की मग ती वाढवा.

संगणकानं ‘ध’चा ‘मा’ केलाय हे विसरणं

आपण शोधतो ते छापील पान नाही. त्या पानावरून यंत्रानं ओळखून काढलेला, आणि अनेकदा चुकलेला मजकूर आपण शोधत असतो. बरेच अंक आधी मायक्रोफिल्मवर गेले आणि त्या फिल्मवरून स्कॅन झाले. टाइप बारीक, शाई पसरलेली, पान पाठीमागून उमटलेलं. अशा पानावर इंग्रजी ‘सी’ आणि ‘ई’ यांची अदलाबदल ठरलेलीच, म्हणून ‘कॅलोटाइप’चा पहिला ‘सी’ ‘ई’ करूनही एकदा शोधून बघा. ‘डॅगेरोटाइप’ हा शब्द लांबलचक. अरुंद स्तंभात तो ओळीच्या शेवटी तुटतो, मध्ये जोडरेघ येते आणि यंत्राच्या लेखी त्याचे दोन निरर्थक शब्द होतात. त्यात खुद्द जुळाऱ्यांनाही त्याचं स्पेलिंग धड येत नव्हतं. कधी मधला एक ‘ई’ गाळलेला, कधी एकच ‘आर’, कधी फ्रेंच पद्धतीचा आघात दिलेला. तारांकन वापरू देणारं संकेतस्थळ असेल तर शब्दाचं अर्धं शेपूट तोडूनच शोधा.

शोधात काही निघालं नाही, याचा अर्थ ‘छापून आलं नव्हतं’ असा कधीच लिहू नका. ज्या आठवड्यात मजकूर असायलाच हवा असं वाटतं, त्या आठवड्याचा अंक डोळ्यांनी पानोपान वाचा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

एका घटनेची एकच तारीख असते असं समजणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. 1839 चे पहिले आठ आठवडे उलगडून पाहा.

पॅरिसच्या ‘गॅझेट द फ्रान्स’मध्ये 6 जानेवारीला गोशरो यांचा डॅगेरच्या शोधावरचा लेख आला. शास्त्रज्ञ अरागोनं विज्ञान अकादमीत अधिकृत घोषणा केली ती 7 जानेवारीला, म्हणजे वर्तमानपत्रानं घोषणेवर एक दिवसाची मात केली. लंडनच्या ‘लिटररी गॅझेट’मध्ये त्या लेखाचं भाषांतर 12 जानेवारीला. बातमी कळताच टॅल्बटची धावपळ सुरू झाली. 25 जानेवारीला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेच्या साहाय्यानं त्याची चित्रं मांडली गेली, 31 जानेवारीला रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला, 2 फेब्रुवारीच्या ‘लिटररी गॅझेट’मध्ये त्याचं पत्र आलं, आणि निबंध ‘अथेनियम’मध्ये छापून आला 9 फेब्रुवारीला. त्या निबंधात प्रत्यक्ष कृती नव्हतीच. कागदाला काय लावायचं, चित्र टिकवायचं कसं, हे 21 फेब्रुवारीला वाचलेल्या पत्रात आलं.

आता सांगा, टॅल्बटची पद्धत ‘जाहीर’ कधी झाली? चित्रं दाखवली तेव्हा, निबंध वाचला तेव्हा, छापला तेव्हा, की कृती सांगितली तेव्हा? प्रत्येक उत्तराला पुरावा आहे, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘अथेनियम’चा अंक पाहून ‘9 फेब्रुवारीला टॅल्बटनं शोध जाहीर केला’ असं लिहिलं की वाक्य दिसायला बरोबर आणि असायला चूक. तसंच 1835 चं. लॅकॉकच्या आपल्या घराची चित्रं 1835 च्या उन्हाळ्यात घेतल्याचं टॅल्बट 1839 मध्ये सांगतो. तो मजकूर हा 1839 मधल्या दाव्याचा पुरावा. 1835 चा पुरावा म्हणजे ऑगस्ट 1835 ची टीप असलेलं, घराच्या खिडकीचं ते इवलंसं निगेटिव्ह, जे सुदैवानं टिकलंय. दोन्हींचं वजन सारखं धरू नका.

पेटंटच्या तारखांनाही दोन टोकं असतात. टॅल्बटचं कॅलोटाइपचं पेटंट 8 फेब्रुवारी 1841 चं, पण तपशीलवार वर्णन दाखल करायला त्या काळी सहा महिन्यांची मुभा असे. त्यामुळे मधल्या काळातले लेखक पद्धतीबद्दल चाचपडत लिहितात, आणि आपण त्यांना अडाणी ठरवून मोकळे होतो. डॅगेरच्या बाबतीत तर पक्का सापळा आहे. फ्रेंच सरकारनं 19 ऑगस्ट 1839 रोजी पद्धत जगाला मोफत दिली असं त्या वेळची वर्तमानपत्रं कौतुकानं सांगतात. पण पाचच दिवस आधी, 14 ऑगस्टला, माइल्स बेरी या पेटंट एजंटच्या नावानं इंग्लंडमध्ये पेटंट निघालेलं होतं. मोफत होतं ते इंग्लंड सोडून. शिवाय ही पेटंटं स्कॉटलंडला लागू नव्हती. लंडनच्या खटल्यांच्या बातम्या वाचून एडिंबरोचे छायाचित्रकार हिल आणि अ‍ॅडमसन यांना परवाना कुणी दिला हे शोधत बसलात तर आयुष्य जाईल.

मासिकांवरची तारीखही जपून वापरा. महिन्याच्या 1 तारखेचा अंक आदल्या महिन्याच्या शेवटी पुस्तकविक्रेत्यांकडे पोचत असे. आणि गूगल बुक्सवर जे वर्ष दिसतं ते बांधलेल्या खंडाच्या मुखपृष्ठाचं, सुट्या अंकाचं नाही.

दहा ठिकाणी आलंय म्हणजे खरं

दहा ठिकाणी आलंय म्हणजे नऊ जणांनी कात्री चालवलीय. प्रांतिक साप्ताहिकं लंडनच्या पत्रांतून मजकूर सर्रास उचलत, कधी श्रेय देऊन, बरेचदा न देता. उचलताना जागेअभावी शेवटचा परिच्छेद उडे, आणि नेमकी अट किंवा शंका त्यातच असे. म्हणून चार-पाच पत्रांतला मजकूर शेजारी ठेवा, समान चुका बघा, आणि सगळ्यांत जुनं पान गाठेपर्यंत मागे जा. ते सापडलं की बाकीचे फक्त बातमी कुठवर गेली एवढंच सांगतात. (तेही कामाचं असतं, पण वेगळ्या प्रश्नासाठी.)

याच सवयीनं काही प्रसिद्ध वचनंही तपासून घ्यावीत. ‘आजपासून चित्रकला मेली’ हे 1839 चं म्हणून चित्रकार देलारोशच्या तोंडी घातलं जातं. ते छापात सापडतं 1870 च्या दशकात, फ्रेंच लेखक तिसांदिएच्या लिखाणात, देलारोश 1856 मध्ये वारल्यानंतर. 1839 मध्ये त्यानं अरागोला दिलेलं मत डॅगेरच्या शोधाची वाखाणणी करणारं होतं.

जाहिरात आणि बातमी यांतली गल्लत

‘आमच्या शहरात श्री. अमुक यांची हुबेहूब चित्रं पाहून आम्ही थक्क झालो’ असा परिच्छेद बातम्यांच्या स्तंभात दिसला तर त्याच अंकाचं जाहिरातींचं पान लगेच उघडा. श्री. अमुक यांची जाहिरात तिथे बहुधा असतेच. जाहिरात देणाऱ्याची पाठ थोपटण्याची ही रीत तेव्हा सर्वांना माहीत होती, त्याला ‘पफ’ म्हणत.

जाहिरातीवरून स्टुडिओ कधीपासून कधीपर्यंत चालला हे ठरवणंही धोक्याचं. जुळवलेले खिळे तसेच ठेवून तीच जाहिरात महिनोन्‌महिने छापली जाई. 1853 पर्यंत प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर होता, तेव्हा छोट्या फिरत्या छायाचित्रकारानं जाहिरात न देता हस्तपत्रकावर भागवलं असणं अगदी शक्य. आणि मासिकांच्या बाबतीत तर जाहिराती सहसा वेष्टनाच्या रंगीत पानांवर असत. खंड बांधताना बाइंडरनं ती पानं काढून टाकली, ग्रंथालयानं तोच खंड स्कॅन केला, आणि आपल्याला वाटतं की जाहिराती नव्हत्याच. वेष्टनासकट जपलेले सुटे अंक कुठे आहेत याची चौकशी ग्रंथपालांकडे करावी.

‘छायाचित्रावरून’ म्हणजे छायाचित्र नव्हे

अर्ध-छटा छपाई, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छायाचित्र छापायची पद्धत, वर्तमानपत्रांत रुळायला 1880 चं दशक उजाडावं लागलं. त्याआधी दिसणारं चित्र हे लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं जानेवारी 1843 मध्ये वर्गणीदारांना लंडनचं जे भलंमोठं विहंगम दृश्य दिलं, त्यामागे क्लोदेनं ड्यूक ऑफ यॉर्कच्या स्तंभावरून घेतलेले डॅगेरोटाइप होते. पण मधे चित्रकार आला, मग कोरणारे आले. रस्त्यावरची माणसं, गाड्या, चिमण्यांचा धूर यांतलं पत्र्यावर काय होतं आणि हातानं काय भरलं, हे चित्र पाहून सांगता येत नाही. याच साप्ताहिकाच्या 14 मे 1842 च्या पहिल्या अंकात हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र होतं. ते ब्रिटिश म्युझियममधल्या जुन्या चित्रावरून उतरवून त्यात ज्वाळा घातल्या होत्या! एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

चुकीच्या अंकांत शोधणं

छायाचित्रणाचा इतिहास म्हणून थेट छायाचित्रणाच्या नियतकालिकांत शिरलात तर पहिली चौदा वर्षं कोरी दिसतील. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 20 जानेवारी 1853 ची आणि तिच्या जर्नलचा पहिला अंक 3 मार्च 1853 चा. त्याआधीचा मजकूर ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’, ‘मेकॅनिक्स मॅगझिन’, ‘अथेनियम’, ‘आर्ट युनियन’ यांत विखुरलेला. आर्चरची कलोडियनची कृती मार्च 1851 च्या ‘द केमिस्ट’मध्ये आली. हौशी मंडळींचे सवालजवाब ‘नोट्स अँड क्वेरीज’मध्ये, जिथे शेजारच्या पानावर म्हणींची व्युत्पत्ती चालू असे. नाव बदलणाऱ्या अंकांचीही नोंद ठेवा. 1854 चं लिव्हरपूलचं फोटोग्राफिक जर्नल नावं बदलत 1860 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ झालं.

त्रैमासिकांतले लेख निनावी असत. 1857 च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मधला छायाचित्रणावरचा गाजलेला निबंध एलिझाबेथ ईस्टलेक यांचा, पण अंकात नाव नाही. ‘एका समीक्षकानं म्हटलं’ असं लिहून मोकळं होण्याआधी वेलस्ली इंडेक्स पाहावा, तो याच कामासाठी आहे.

आणि मुंबईचं

मुंबईच्या वाचकाला पॅरिसची बातमी टपालानं मिळायची, त्यात दीड महिना तरी सहज जाई. ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये डॅगेरोटाइपवरचा मजकूर 1839 च्या डिसेंबरात दिसतो. इथलं पहिलं छायाचित्र कधीचं हे त्यावरून ठरत नाही. बातमी एक आणि उपकरण बोटीतून उतरणं दुसरं.

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, तिचं जर्नल 1855 मध्ये निघालं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण यांचं नावही याच पिढीतलं. पण ही नावं आपण आज लिहितो त्या स्पेलिंगनं शोधलीत तर हाती काही लागणार नाही. इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतं: ‘हरि’चं ‘हरी’ की ‘हरि’ हा वाद तिथे नाही, तिथे ‘ए’च्या जागी ‘यू’ येतो, ‘आर’ दुप्पट होतो, ‘दाजी’च्या शेवटी दोन ‘ई’ येतात. चार-पाच रूपांची यादी करून एकेक शोधा, आणि मिळालेलं नाव अंकात जसं छापलंय तसंच टिपून ठेवा, सोबत तारीख, पान आणि स्तंभाचा क्रमांक. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे डिजिटल दालन इथून सुरुवात करायला चांगलं.