लवकर होतंय आणि लघवीलाही जळजळ? आधी प्रोस्टेट बघून घ्या

इतकी वर्षं सगळं नीट चाललेलं आणि आता दोन-तीन महिन्यांपासून सेक्समध्ये मिनिटभरातच वीर्य पडून जातंय (शीघ्रपतन), असं असेल तर मेडिकलमधून टायमिंगची गोळी आणू नका, आधी लघवी तपासा. मी चार महिने ती गोळी खाल्ली, लोकलच्या डब्यात जाहिरात चिकटवणाऱ्या एका गुप्तरोगवाल्याकडेही पैसे घालवले, म्हणून कळकळीने सांगतोय.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी, लघवीची नळी तिच्यातूनच जाते. तिला सूज आली की तिथल्या नसा हुळहुळ्या होतात, आजूबाजूचे स्नायू आवळून राहतात आणि त्यामुळे कंट्रोल सुटतो असं मानतात. प्रत्येकाचं शीघ्रपतन यामुळेच असतं असं नाही हां. पहिल्यापासून तसंच असेल तर कारण बहुधा वेगळं, पण मध्येच सुरू झालं असेल तर प्रोस्टेट, थायरॉइड, टेन्शन सगळंच बघावं लागतं.

आठवडाभर मोबाईलमध्ये लिहून ठेवा : लघवीला जळजळ, रात्री किती वेळा उठता, वीर्य पडताना दुखतं का, अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत ठणकतं का. मग मुंबईत केईएम, सायन, नायर कुठल्याही हॉस्पिटलात युरॉलॉजी (लघवीच्या आजारांच्या) ओपीडीचा केसपेपर काढा. आत गेल्यावर नुसतं "कमजोरी आहे" म्हणू नका, आपण सगळे लाजून तेच म्हणतो आणि व्हिटॅमिन घेऊन परत येतो. सरळ सांगा, "आधी ठीक होतं, आता लवकर होतं आणि लघवीला दुखतं."

डॉक्टर ग्लोव्ह घालून मागून बोटाने तपासतात, अर्ध्या मिनिटाचं काम, अंग सैल सोडून लांब श्वास घ्या. कधी प्रोस्टेट दाबायच्या आधीची आणि नंतरची अशी दोन डब्यांत लघवी घेतात, नंतरच्या डब्यात पू किंवा जंतू जास्त निघाले तर आजाराचा मुक्काम प्रोस्टेटमध्ये. कल्चरचं (कुठले जंतू आहेत ते वाढवून बघायच्या तपासणीचं) सॅम्पल अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच द्या, नाहीतर जंतू असूनही रिपोर्टमध्ये काहीच न येऊ शकतं. सुजेत पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला दिसू शकतो, तेवढ्यावरून कॅन्सर समजून हबकू नका.

जंतू सापडले तर अँटिबायोटिक साधारण 4 ते 6 आठवडे, आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. पण बऱ्याच जणांना जंतू नसतातच, तिथे परत परत अँटिबायोटिक खाऊन उपयोग नाही, लघवी मोकळी करायची गोळी, कोमट पाण्यात बसणं आणि फिजिओथेरपी यावर भर असतो. व्हिडिओ बघून केगल (लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम) सुरू करू नका, स्नायू आधीच आवळलेले असतील तर दुखणं वाढतं, मला वाढलं होतं. विरारपासून चर्चगेटपर्यंत लघवी दाबून जायची सवयही सोडा.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडकली तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टीत जा.

सूज उतरली तरी टायमिंग तसंच राहिलं तर त्यासाठी वेगळी औषधं आहेत, ती तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तोवर बायकोला काय चाललंय ते सांगून ठेवा, माझी बिचारी चार महिने समजत होती की मला ती नकोशी झालीय.