एजंटला डिजिलॉकर जोडताना

आमच्या पतसंस्थेत सभासद नोंदणीला मदत करणारा एआय एजंट मी डिजिलॉकरला, म्हणजे सरकारी कागदपत्रं डिजिटल रूपात देणाऱ्या सरकारी सेवेला, जोडला. पहिली गोष्ट ठरवली ती ही, की आधार क्रमांक, ओटीपी आणि टोकन (कागद मिळवण्याची डिजिटल किल्ली) यांतलं काहीही एजंटच्या संभाषणात येता कामा नये. एकदा तिथे आलं की ते लॉगमध्येही, म्हणजे साठवलेल्या नोंदींतही, उरतं.

आधी डिजिलॉकरकडे संस्थेची 'रिक्वेस्टर' (कागद मागणारी संस्था) म्हणून नोंदणी करा, क्लायंट आयडी, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, घ्या. मग आपल्या सर्व्हरवर एजंटसाठी दोनच टूल ठेवा: 'संमतीची लिंक दे' आणि 'निकाल सांग'. लिंक सभासद स्वतःच्या फोनवर उघडतो आणि ओटीपी डिजिलॉकरच्याच पानावर टाकतो. संमतीनंतर डिजिलॉकरकडून परत आलेला कोड सर्व्हरने घ्यायचा, 'स्टेट' (लिंकसोबत पाठवलेली खूण) जुळतं का पाहायचं आणि मगच कोड देऊन टोकन घ्यायचं. ही ओऑथ 2.0 ची, म्हणजे पासवर्ड न सांगता परवानगी देण्याच्या प्रमाणित व्यवस्थेची, पद्धत आहे. सोबत पीकेसीई वापरा; त्यात कोडसोबत सर्व्हरकडचं एक गुपितही द्यावं लागतं, म्हणजे वाटेत कोड कुणाच्या हाती लागला तरी फुकट जाईल.

अर्जातली माहिती कागदांशी सर्व्हरवरच ताडून पाहा आणि एजंटकडे फक्त 'जुळलं', 'जुळलं नाही' किंवा 'माणसाने पाहावं' एवढंच जाऊ द्या.

हा तिसरा पर्याय मला फार महत्त्वाचा वाटतो. लग्नानंतर नाव बदललेल्या किती जणींच्या कागदांवर दोन-दोन नावं असतात! एका मावशींच्या आधारवर सासरचं नाव होतं आणि सातबाऱ्यावर माहेरचं. तो अर्ज एजंटने नाकारला नाही, आमच्या लिपिकाकडे पाठवला. त्यांनी मावशींना समोर बसवून राजपत्राची प्रत पाहिली, आणि खातं त्याच दुपारी उघडलं.