नोनीची ओढ: ड्रॉसोफिला सेशेलियाची निवड कशी तपासावी

सेशेल्स बेटांवरची ड्रॉसोफिला सेशेलिया ही फळमाशी जवळजवळ फक्त नोनीच्या, म्हणजे बारतोंडीच्या फळावर जगते. त्याच फळातलं ऑक्टेनॉइक आम्ल तिच्या जवळच्या नात्यातल्या ड्रॉसोफिला सिम्युलन्स या माशीला मारून टाकतं. वासाकडे ओढ, अंडी घालण्याची जागा निवडणं आणि विष सोसणं ही तीन वेगळी कामं आहेत. त्यांमागची जनुकंही बहुतांशी वेगळी, म्हणून चाचण्या वेगळ्याच घ्या.

5 ते 7 दिवस वयाच्या, नरांसोबत ठेवलेल्या माद्या निवडा. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केल्या असतील तर किमान 24 तास जाऊ द्या. सेशेलिया मुळातच कमी अंडी घालते. साध्या खाद्यावर ती आणखी घटतात, कारण तिच्या शरीरात एल-डोपा (डोपामिन ज्यापासून बनतं ते द्रव्य) कमी बनतो आणि ती उणीव नोनी भरून काढते. त्यामुळे आधीचे 3 दिवस सेशेलियाच्या खाद्यावर नोनीचा गर ठेवा.

अंड्यांच्या चाचणीसाठी 1 ग्रॅम अगारोज (थंड झाल्यावर जेलीसारखी घट्ट होणारी पूड) 75 मिली पाण्यात उकळा. 60 अंशांपर्यंत निवलं की 25 मिली नोनीचा रस मिसळून ताटलीत ओता. दुसऱ्या ताटलीत तितकाच द्राक्षाचा रस. रस सोबत उकळू नका. आम्लामुळे अगारोज ढिलं पडतं, माद्यांना मऊ-कडक कळतं आणि सगळा निकाल पोताचा होऊन बसतो. पृष्ठभागावर चर राहिला तर अंडी तिथेच पडतात, तेव्हा ओतताना हात स्थिर हवा. एका पिंजऱ्यात 10 माद्या, 25 अंश, 24 तास. निम्म्या पिंजऱ्यांत ताटल्यांची बाजू बदला, कारण माश्या उजेडाकडे झुकतात. नोनीवरच्या अंड्यांतून द्राक्षावरची वजा करा आणि एकूण अंड्यांनी भागा. 10 पेक्षा कमी अंडी पडलेला पिंजरा धरू नका.

नुसता वास तपासायचा तर ताटलीवर बारीक जाळी ताणा, पाय रसाला लागता कामा नये. सेशेलियाच्या शृंगिकेत, म्हणजे वास घेणाऱ्या मिशीत, ओआर22ए हा वास-ग्राहक असलेल्या चेतापेशी वाढलेल्या आहेत आणि आयआर75बी हा ग्राहक नोनीतलंच हेक्सानॉइक आम्ल टिपू लागला आहे. तिला खेचण्यात या वासाचा मोठा वाटा आहे.

विषासाठी 0.3, 0.6 आणि 0.9 टक्के ऑक्टेनॉइक आम्लाचं खाद्य करा. हे आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, वर तरंगतं. कोमट खाद्यात घोटून लगेच ओता, नाहीतर एका कुपीत सगळं विष आणि दुसरीत काहीच नाही. तासभर दर 5 मिनिटांनी आडव्या पडलेल्या माश्या मोजा.

जनुकं शोधायला सिम्युलन्स मादी आणि सेशेलिया नर यांचा संकर करा. उलटा जोडा सहज जमत नाही. संकरित नर वांझ असतात, माद्या नसतात. सहनशक्ती बरीचशी प्रभावी असल्याने तिच्यासाठी या माद्या सिम्युलन्स नरांना द्या; सेशेलियाकडे परत संकर केला तर जवळपास सगळीच पिल्लं तगतात आणि फरक दिसत नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या, विष सोसण्याशी जोडलेल्या ओसिरिस जनुकांच्या भागापासून सुरुवात करावी. या पिल्लांची आवड मात्र उघड्या नोनीवर कधीच तपासू नका: नाजूक माश्या मरतात आणि उरलेल्यांचीच आवड मोजली जाते. त्यांच्यासाठी जाळीमागचा हेक्सानॉइक आम्लाचा वासच वापरा.