कॅरिबियन बेटावर राहायला जाताय? सामान भरायच्या आधी हे वाचा

पहिलं काम म्हणजे बेट कोणतं ते नीट बघा आणि मगच बॅग खाली काढा. कॅरिबियन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच निळं पाणी आणि नारळाची झाडं येतात, पण सामानाच्या हिशोबाने एक बेट दुसऱ्यासारखं नसतं. नुसती विजेचीच गोष्ट बघा ना. ग्रेनाडा आणि सेंट लुसियामध्ये २३० व्होल्टच्या आसपास वीज आणि तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग, बार्बाडोसला ११५ व्होल्ट, जमैकाला ११०, दोन्हीकडे चपट्या पिनांचा अमेरिकन प्लग पण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, तर पोर्टो रिकोला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. मार्टिनिक आणि ग्वादलूप हे फ्रान्सचेच भाग, त्यामुळे तिथे फ्रान्ससारखा गोल पिनांचा प्लग. म्हणजे "कॅरिबियनचा अडॅप्टर द्या" असं दुकानात जाऊन सांगता येत नाही, बेटाचं नाव सांगावं लागतं.

प्रत्येक वस्तूच्या मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो, फोन आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. एकच आकडा लिहिलेला असेल आणि तो तिथल्या विजेशी जुळत नसेल तर ती वस्तू ठेवून जा. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर यांच्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर ओढत नेण्यात काही अर्थ नाही, तिथे गेल्यावर तिथल्या विजेचं घ्या. सर्ज प्रोटेक्टर मात्र हवाच, कारण वीज जाते त्यापेक्षा ती परत येताना जो झटका बसतो त्याने वस्तू जळतात, आणि तोही त्याच बेटाच्या व्होल्टेजचा हवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, खारा वारा आणि दमट हवा. मी ग्रेनाडाला गेले तेव्हा छान लेदरचा पट्टा, लेदरचे बूट, लेदरची पर्स असं सगळं घेऊन गेले होते आणि दोन महिन्यांनी कपाट उघडलं तर पट्ट्याच्या प्रत्येक भोकाभोवती हिरवट पांढरी पूड, पुसली की बोटाला लागायची आणि चार दिवसांनी परत तिथेच, बकलला ठिपके पडलेले, आणि पर्सची चेन खारटपणाने अशी धरली होती की मेणबत्ती घासून घासून उघडावी लागली. शिवणाच्या डब्यातली कात्री तर स्क्रूपाशी गंजून एकजीव झाली होती. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एकच सांगते, जी वस्तू बुरशीने किंवा गंजाने गेली तर जीव हळहळेल ती नेऊ नका. आजीची पैठणी, जुने फोटो, लाडकी पुस्तकं, हे सगळं घरच्यांकडे ठेवा, फोटो स्कॅन करून न्या. पुस्तकांची पानं तिथे लाटांसारखी होतात आणि कसर लागते.

कपडे सुती आणि लिननचे, लवकर वाळणारे. जाड जीन्स एखादीच ठेवा, पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही आणि वास धरते. चेन आणि बटणं प्लॅस्टिकची असलेली बरी. सिलिका जेलच्या पुड्या भरपूर न्या, वजन काहीच नाही आणि कॅमेरा, हार्ड डिस्क, कागदपत्रं यांच्यासोबत हवाबंद डब्यात टाकल्या की खूप फरक पडतो. अटलांटिकच्या बाजूला, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर घर असेल तर अजून एक लक्षात ठेवा, २०११ पासून तिथे सारगासम नावाचं समुद्री शेवाळ ढिगाने वाहून येतं आणि ते कुजताना जो वायू सुटतो त्याने एसी, टीव्ही, फ्रिजचे तांब्याचे भाग काळे पडून बंद होतात. महागडं इलेक्ट्रॉनिक्स न्यायचं असेल तर घर कुठल्या किनाऱ्यावर आहे ते आधी विचारा.

कपड्यांवरून आठवलं, लष्करी छापाचं, म्हणजे कॅमोफ्लाज डिझाइनचं काहीही नेऊ नका. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुसिया, ग्रेनाडा अशा बऱ्याच ठिकाणी ते सामान्य माणसाला वापरायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांचे कपडेसुद्धा त्यात येतात. मुलाची आवडती टोपी विमानतळावर काढून घेतली जाते तेव्हा त्याला समजावणं फार अवघड जातं. आणि पोहण्याचे कपडे फक्त किनाऱ्यावर, गावात किंवा दुकानात तसं फिरणं तिथल्या लोकांना अजिबात आवडत नाही. बऱ्याच सरकारी ऑफिसांत स्लीव्हलेस, शॉर्ट्स, स्लिपर घालून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात, आणि पहिल्याच आठवड्यात इमिग्रेशन, बँक, ड्रायव्हिंग परमिट अशा चकरा असतात, तेव्हा एक व्यवस्थित पूर्ण जोड आणि बंद बूट वरच्यावर ठेवा. एक पातळ जॅकेटही, कारण बँकांमध्ये एसी फार कडक असतो.

सनस्क्रीन घेताना बाटलीवर काय काय लिहिलंय ते वाचा. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन अरुबा, बोनेअर आणि यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये चालत नाही, प्रवाळांना त्रास होतो म्हणून बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. डासांसाठी मच्छरदाणी नक्की न्या, हलकी असते आणि डेंग्यू, चिकनगुनिया तिथे आहेच.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात जोराचा. पण त्याच्या भरवशावर राहू नका, २०२४ मध्ये बेरिल हे वादळ १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि तिथली बहुतेक घरं मोडली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने डोमिनिकाचं जे केलं ते तिथले लोक अजून सांगतात. अरुबा, बोनेअर, कुरासाव ही दक्षिणेकडची बेटं बहुतेक वेळा या वाटेच्या बाहेर राहतात. तुम्ही या महिन्यांत पोचणार असाल तर वादळाचं सामान तुमच्यासोबत विमानात हवं, मागाहून जहाजाने येणाऱ्या सामानात टाकून उपयोग नाही. डोक्याला बांधायची टॉर्च, बॅटरीवर चालणारा रेडिओ, हाताने फिरवायचा टिन ओपनर, भरलेली पॉवर बँक, आणि पासपोर्ट, दाखले, विम्याचे कागद ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी. वीज गेली की एटीएमही बंद, तेव्हा थोडी रोकड घरात ठेवायची. ग्रेनाडा, सेंट लुसिया, डोमिनिका, अँटिग्वा वगैरे ठिकाणी ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा दर १९७६ पासून ठरलेला आहे.

स्वयंपाकघराचं मी थोडक्यात सांगते कारण इथे लोक उगाच घाबरतात. त्रिनिदादला १८४५ पासून आपल्याकडचे मजूर गेले आणि त्यांची पुढची पिढी तिथेच आहे, जिऱ्याला तिथे गीरा म्हणतात, चणे, आलू, बैगन हे शब्द दुकानात रोज ऐकू येतात, त्यामुळे डाळी-मसाल्यांनी बॅग भरायची गरज नाही. ग्रेनाडाला जायफळ, लवंग, दालचिनी तर तिथलीच, हळद पण बाजारात मिळते, फक्त तिला ते लोक सॅफ्रन म्हणतात, मी पहिल्यांदा फसले होते! लहान बेटांवर मात्र मोहरी, हिंग मिळेलच असं नाही, ते न्या. कुकर नेणार असाल तर त्याची जास्तीची रिंग आणि व्हॉल्व्ह विसरू नका, भांडं टिकतं पण रिंग गेली की कुकर नुसता पडून राहतो. चाकू चांगल्या स्टेनलेस स्टीलचे. बिया, रोपं, ताजी फळं, मांस नेऊ नका, कस्टममध्ये अडकतं.

फर्निचर, गाद्या, उशा अजिबात नाही. भुश्याच्या बोर्डाचं टेबल ओल धरून फुगतं आणि बऱ्याच घरांत भाड्यासोबत सामान मिळतंच. जहाजाने काही पाठवायचंच असेल तर तिथली पद्धत बॅरलची आहे, परदेशातले कॅरिबियन लोक वर्षानुवर्षं घरच्यांना असेच मोठमोठे पिंप भरून पाठवतात. आत काय काय आहे आणि किती किमतीचं त्याची यादी करा, पावत्या जपा. वापरलेल्या घरगुती सामानाला राहण्याचा परवाना दाखवून सवलत मिळू शकते, पण अट बेटागणिक वेगळी, म्हणून पिंप निघायच्या आधी कस्टमला ईमेल करून उत्तर लेखी मागवा. माझं एक पिंप कागद अपुरे म्हणून तीन आठवडे बंदरात पडून होतं.

रोजची औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिथल्या दुकानात ब्रँड वेगळे असतात. चष्मे दोन, कारण मीठ आणि वाळूने काचेवर चरे पडतात.

आणि शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा आहे का ते तिकीट काढतानाच बघून ठेवा. सबासारख्या बेटावर धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची, तिथे ट्विन ऑटरसारखं छोटंसं विमान जातं आणि बॅगेच्या वजनाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा खूप कमी असते. औषधं, कागद, चार्जर, टॉर्च आणि एक जोड कपडे पाठीवरच्या सॅकमध्येच राहू द्या, मोठी बॅग कधी कधी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येते.