कर्नलमधली परवानगी-तपासणी वेगवान करण्याआधी

लिनक्समध्ये फाइल उघडताना वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर कर्नल (लिनक्सचा गाभा) एक्झिक्यूटची, म्हणजे तिच्यातून पुढे जाण्याची, परवानगी तपासतो. तपासणी इवलीशी, पण मोठ्या प्रकल्पात ‘गिट स्टेटस’ (कोणत्या फाइली बदलल्या ते सांगणारी आज्ञा) चालवलं की तिचा मारा सुरू होतो. त्या कोडला हात लावण्याआधी थोडी तयारी करून ठेवा.

आधी मोजमाप. केसॅन आणि लॉकडेप (कर्नलमधल्या चुका शोधणाऱ्या, पण त्याला संथ करणाऱ्या सोयी) बंद असलेला कर्नल घ्या, प्रोसेसरचा वेग स्थिर ठेवा आणि डेंट्री कॅश (वापरलेल्या फाइल-डिरेक्टरींच्या नावांची मेमरीतली नोंद) भरू द्या, नाहीतर डिस्कचा वेळ परवानगीच्या खात्यावर पडेल. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचे उपाय मात्र चालूच राहू द्यात. त्यांच्यामुळे फंक्शन-पॉइंटरमार्फत होणारे कॉल महागले, म्हणूनच कर्नलच्या 6.12 आवृत्तीत एलएसएमच्या (जादा सुरक्षा-नियम जोडण्याच्या चौकटीच्या) हुकांसाठी स्टॅटिक कॉल, म्हणजे पॉइंटरऐवजी थेट होणारे कॉल, आले. एसई-लिनक्स (एलएसएमवर चालणारी एक सुरक्षा-प्रणाली) चालू होतं की बंद हे टिपा, मग पर्फ हे वेळ मोजणारं साधन लावा.

खरा वेळ द्यायचा तो चाचण्यांना, त्यातही नकार मिळालाच पाहिजे अशा चाचण्यांना. त्या नसतील तर वेग कितीही वाढलेला दिसो, मी तो बदल स्वीकारणार नाही. 2020 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एक देखणी सुधारणा केली: मागितलेल्या परवानगीपुरते ग्रुपचे आणि इतरांचे बिट सारखे असतील, तर वापरकर्ता ग्रुपमध्ये आहे का हे शोधायचंच नाही. 755 ला (मालकाला सगळं, ग्रुपला आणि इतरांना सारखंच: वाचणं आणि एक्झिक्यूट) हे बिनधास्त चालतं. तुम्ही मात्र 705 ची (ग्रुपला काहीच नाही) एक डिरेक्टरी बनवून ठेवा. तिथे परक्याला वाट मिळते आणि ग्रुपच्या सदस्याला मिळता कामा नये. घाईतला शॉर्टकट नेमका इथे फसतो. दुसरी डिरेक्टरी 755 ची, पण एसीएलने (वापरकर्तानिहाय परवानग्यांच्या यादीने) एका वापरकर्त्याला मज्जाव केलेली. ‘एसीएल नाही’ आणि ‘एसीएल अजून वाचलेला नाही’ या कर्नलच्या लेखी दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्यामुळे ही चाचणी फाइल सिस्टिम नव्याने माउंट करून लगेचही चालवा. हे सगळं साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून. रूटला (सर्वाधिकारी खात्याला) एरवीही अडवलं जात नाही.

आरसीयू-वॉकमध्ये, म्हणजे कुलपं न लावता वाट शोधण्याच्या वेगवान मार्गात, तपासणीला झोपता (थांबून वाट पाहता) येत नाही. थांबावं लागणार असेल तर ती ईचाइल्ड हा त्रुटी-संकेत परत करते आणि तपासणी दुसऱ्या, संथ मार्गाने पुन्हा होते. दोन्ही मार्गांचं उत्तर एकच येतंय ना, ते पाहा. एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमचाही एक माउंट हाताशी असू द्या, कारण त्याचं परवानगीचं फंक्शन स्वतःचं आहे. आणि एक्सएफएस-टेस्ट्स हा फाइल सिस्टिमच्या चाचण्यांचा संच मूळ कर्नलवर आधीच चालवून घ्या, म्हणजे जुनी अपयशं तुमच्या पॅचच्या माथी येणार नाहीत.