मांजराच्या खाण्याबद्दल कोणाचं ऐकायचं? या चुका टाळा

मांजर घरात आलं की त्याच्या खाण्यावर बोलायला सगळे पुढे होतात. शेजारच्या काकू दूध-पोळी सांगतात. पर्शियन पिल्लू विकणारा उकडलेलं चिकन ब्रेस्ट सांगतो. पेट शॉपवाला हाताशी असलेलं पाकीट पुढे करतो आणि इन्स्टाग्रामवर कोणीतरी धान्य म्हणजे मांजराला विष असं ठासून सांगत असतं. यातल्या बहुतेकांना मांजराबद्दल खरंच माया असते. पण आधी प्रश्न विचारणारं क्वचितच कोणी भेटतं : वय काय, वजन किती, नसबंदी झालीये का, लघवी नीट होते का, सध्या काय खातंय? सल्ला ऐकण्याजोगा आहे की नाही याची माझी पहिली कसोटी हीच आहे. हे न विचारता ज्याने खाद्याचं नाव सांगितलं, त्याने तुमच्या मांजराचा विचारच केलेला नाही.

माणसाचं किंवा कुत्र्याचं खाणं मांजराला चालतं असं समजणं

मांजराचं शरीर मांसावरच चालायला बनलेलं आहे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयार स्वरूपात, प्राण्यांच्या शरीरातूनच मिळावं लागतं. टॉरिन या घटकाचंही तसंच. कुत्रा तो बऱ्याच अंशी स्वतः तयार करतो, मांजराला तो रोजच्या खाण्यातूनच लागतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली समोर आलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की याच कमतरतेमुळे मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं. लक्षात घ्या, त्यातली मांजरं उरलंसुरलं खाणारी नव्हती. ती कंपन्यांचं तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. आहारशास्त्रावर माझा विश्वास आहे तो याचमुळे : चूक सापडली, ती छापली गेली आणि सुधारली गेली.

म्हणून सोसायटीतल्या कुत्र्यांसाठी आणलेल्या पोत्यातलंच खाद्य रोज मांजरांना घालू नका. एखाद्या दिवशी खाल्लं तर काही होत नाही, पण त्यावर मांजर वाढवता येत नाही. शाकाहारी घरांतही हा प्रश्न येतो. दहीभात आणि दूध-पोळीवर पिल्लू वाढतं खरं, पण कसं वाढतं ते पाहावं : अंगावर मांस नाही, केस राठ. घरात मांस शिजवायचं नसेल तर कोणाची जबरदस्ती नाही. मांजराचं संपूर्ण खाद्य पाकिटात मिळतं, तेच द्या.

दूध, चिकन ब्रेस्ट, कलेजी, मासे

आपल्याकडच्या चुका बहुतेक या चार पदार्थांतच सापडतात, म्हणून इथे जरा थांबू.

मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. ज्यांना पचतं त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. घरातच राहणाऱ्या, चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हशीच्या १०० मिली दुधात जवळपास १०० कॅलरी असतात. म्हणजे अर्धा कप दुधात दिवसाची जवळजवळ निम्मी भूक भागते, आणि त्यात टॉरिन नावापुरतंच. मग लोक म्हणतात, आमची मनी खाद्य खात नाही, फार नखरे करते.

नुसतं चिकन ब्रेस्ट हा खरं तर सगळ्यात फसवा सल्ला, कारण तो आरोग्यदायी वाटतो. पण हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य. फॉस्फरस पंधरा-वीस पट जास्त. वाढत्या पिल्लाला काही आठवडे हेच मिळालं की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. पिल्लू लंगडायला लागतं, उचललं की ओरडतं, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडू शकतं. घरच्यांना वाटतं, पडलं असेल. त्यावर आपल्या औषधांच्या डब्यातली कॅल्शियमची गोळी अंदाजाने कुटून घालणं हाही उपाय नव्हे, प्रमाण दुसऱ्या बाजूला बिघडतं. शिवाय टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन उकडून पाणी ओतून दिलं की तेही गेलं.

कलेजी स्वस्त पडते आणि मांजरं तिच्यावर तुटून पडतात. पण रोज भरपूर कलेजी म्हणजे अ जीवनसत्त्वाचा अतिरेक. पुढे मानेच्या मणक्यांवर हाड वाढून मान आखडते, मांजराला मान वळवून अंग चाटता येईनासं होतं. अधूनमधून एखादा लहान तुकडा पुरे.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत मांजर मासळीवरच जगतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. पण कोळणीच्या पाटीजवळ बसणारं मांजर डोकी, आतडी, उंदीर, पाल असं बरंच काही खातं. आपण घरातल्या मांजराला फक्त मऊ तुकडा देतो. काही कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारा घटक असतो. त्याची कमतरता झाली की मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर हा घटक निकामी होतो. तारलीसारखे तेलकट मासे रोज दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडून त्वचेखालची चरबी सुजते आणि हात लावला तरी दुखतं. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, शिजवून, काटे काढून दिलात तर हरकत नाही. सुकट, खारवलेले बोंबील रोज नको, मीठ फार असतं.

आणि रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका. कांदा-लसणामुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही, आणि शिजताना तो रसात उतरतो. मांजरासाठी चिकन शिजवायचं तर वेगळ्या भांड्यात, फक्त पाण्यात.

घरचं म्हणजे चांगलंच

घरी शिजवून घालण्यामागची भावना मला कळते. पण २०१९ मध्ये डेव्हिसच्याच संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या मांजरांच्या ११४ पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९४ पाककृतींमध्ये विश्लेषण करता येईल इतकी माहिती होती, आणि त्या ९४ पैकी एकही मांजराची सगळी पोषक गरज भागवणारी निघाली नाही. काहींत तर कांदा-लसूण होता. या पाककृती लिहिणाऱ्यांत डॉक्टरही होते. म्हणून रोजचं जेवण घरी करायचंच असेल तर प्राण्यांच्या आहारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून, आपल्या मांजराच्या वजनासाठी, ग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि त्यात मनाने बदल करू नका.

कच्च्या मांसाबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. लागण खाद्यातून झाल्याचा संशय होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गोठवलेलं कच्चं टर्की-खाद्य खाल्लेलं घरातलं मांजर मेलं आणि खाद्यातला व मांजरातला विषाणू एकच निघाला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. ‘जंगलात कोण शिजवून देतं’ असं म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कच्च्या मांसातल्या साल्मोनेला या जंतूचा धोका त्यांनाही आहे.

पाकिटाची पुढची बाजू वाचून खरेदी

पुढच्या बाजूला ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’, ‘नॅचरल’ आणि माशाचा चकचकीत फोटो असतो. पाकीट उलटा. मागे बारीक अक्षरांत हे खाद्य ‘कम्प्लीट’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’, आणि पिल्लासाठी की मोठ्या मांजरासाठी, हे शोधा. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे वरचा खाऊ. ट्यूबमधल्या क्रीमी ट्रीट आणि ट्यूनाचे काही डबे याच प्रकारात मोडतात. मांजर त्यावर खूश असतं, पण तेच जेवण होऊ शकत नाही.

‘आफ्को अप्रूव्हड’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. आफ्को ही अमेरिकी संस्था पोषणाची प्रमाणं ठरवते. ती कुठल्याही खाद्याला मंजुरी देत नाही, तपासतही नाही. ‘आफ्कोच्या प्रमाणांप्रमाणे बनवलं आहे’ हे विधान ठीक आहे.

ड्राय फूडवर प्रोटीन ३२ टक्के आणि पाउचवर १० टक्के पाहून पाउच निकस समजू नका. ड्राय फूडमध्ये पाणी १० टक्के धरलं तर कोरड्या भागात प्रोटीन साधारण ३६ टक्के येतं. पाउचमध्ये पाणी ८० टक्के असेल तर उरलेल्या २० भागांत १०, म्हणजे ५० टक्के. तुलना नेहमी अशी पाणी वजा करूनच करा.

‘ग्रेन फ्री’वर जास्तीचे पैसे घालवायचं कारण मला दिसत नाही. तांदूळ-मका काढून तिथे बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो, पिष्टमय पदार्थ असतोच. ‘बायप्रॉडक्ट’ या शब्दालाही घाबरू नका. काळीज, फुप्फुस, आतडी ही मांजर शिकारीतही खातंच.

मग कंपनी कशी पारखायची? लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, वसावा, काही प्रश्न सुचवतो, ते मला घटकांच्या यादीपेक्षा मोलाचे वाटतात. खाद्य कोणी बनवलं, त्याचं शिक्षण काय? कारखाना स्वतःचा आहे का? प्रत्येक बॅचची तपासणी कशी होते? एका ग्रॅममध्ये किंवा एका कपात कॅलरी किती? कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. सरळ उत्तर येत नसेल तर तेच उत्तर समजा. मोठं नाव असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे घातक रसायन निघालं आणि उत्तर अमेरिकेत अनेक नामांकित ब्रँडचं खाद्य परत घ्यावं लागलं. मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

डॉक्टरांना डावलणं, किंवा डॉक्टरांना काहीच न विचारणं

‘डॉक्टरांना कंपन्या कमिशन देतात’ असं म्हणून दुकानदाराचं ऐकणारे बरेच भेटतात. दुकानदारालाही पाकिटामागे पैसे मिळतातच, आणि त्याने मांजराचं पोट दाबून पाहिलेलं नसतं. पशुवैद्यकीच्या पदवीत प्राण्यांचं पोषण हा विषय असतो, पण त्याचा मोठा भाग गाई-म्हशी आणि कोंबड्यांवर असतो. त्यामुळे मांजरं नेहमी पाहणारा डॉक्टर शोधा आणि त्यांना नि:संकोच विचारा, ‘डॉक्टर, हेच का? किती ग्रॅम? परत वजन कधी करू?’ चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. किडनीचं किंवा लघवीच्या खड्यांचं औषधी खाद्य मात्र स्वतःहून आणू नका. खडे वेगवेगळ्या जातींचे असतात, उपायही वेगळे.

ब्रीडरचा अनुभव पिल्लू सांभाळण्यात मोलाचा असतो, त्यांनी आजवर काय घातलं ते जरूर विचारून घ्या. रोग आणि पूरक औषधं यांवरचं त्यांचं मत मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

सुटं खाद्य आणि पावसाळा

प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं सुटं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यावर ना बॅच, ना तारीख, ना ते कशाचं आहे याचा पुरावा. जुलैच्या दमट हवेत त्यातली चरबी लवकर खवट होते, बुरशी धरते. मूळ पाकीटच घट्ट दुमडून डब्यात ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. वास घेऊन पाहा : जुन्या तेलाचा वास आला तर टाकून द्या.

वाटीला मुंग्या लागतात म्हणून भोवती मुंग्यांचा खडू मुळीच ओढू नका. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं मांजराला घातक असतात आणि मांजर पंजे चाटतं. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा, काम होतं.

खाद्य मुठीने नव्हे, वजनकाट्यावर मोजा. चार किलोच्या मांजराला ड्राय फूड दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम होतं. हे डोळ्यांना इतकं थोडं दिसतं की प्रत्येक जण येता-जाता भर घालतो. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत.

अडचण आली तर

नवीन खाद्याला तोंड लावत नसेल तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला. वेट फूड किंचित कोमट केलं की वास सुटतो. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही जाडं, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकतं. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

खाल्ल्याखाल्ल्या अख्खे दाणे उलटून पडत असतील तर ते घाईने गिळतंय. पसरट ताटलीत, थोडं थोडं द्या. उलट्या रोजच्या झाल्या, वजन उतरलं किंवा रक्त दिसलं तर खाद्य बदलत बसू नका, तपासून घ्या. म्हातारं मांजर अचानक खूप पाणी प्यायला लागलं तर तो उन्हाळा म्हणून सोडून देऊ नका, मूत्रपिंड किंवा मधुमेह असू शकतो.

आणि बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी येत नाही, तर ती बद्धकोष्ठता समजून तूप चाटवू नका, दूधही पाजू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि मग हातात काही तासच असतात. तडक दवाखाना गाठा. रात्री उघडं असणारं प्राण्यांचं क्लिनिक जवळ कुठे आहे ते आजच शोधून त्यांचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा.